निताचे कागद

प्रेमदास राठोड सकाळी सात ते बारा सर असायचा आणि बारानंतर गडी. सात वाजता पांढरी पँट, पांढरा सदरा आणि गळ्यात शिट्टी घालून तो उकंडरावांच्या शाळेत पोरांची कवायत घ्यायचा. बारा वाजता तीच पँट घडी घालून सायकलच्या हँडलला अडकवायचा आणि चड्डी-बनियनवर उकंडरावांच्या हळदीत पाणी धरायचा. पगाराचं विचारलं की उकंडराव म्हणायचे, "अनुदान येऊन राहिलं." पाच वर्षं ते येऊनच राहिलं होतं. वाटेत कुठं बसलं होतं ते त्या अनुदानालाच ठाऊक.

सिद्धेश्वर धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या बंजारा तांड्यात बी.पी.एड. झालेला प्रेमदास हा पहिला माणूस. उकंडरावांनीच काढलेल्या कॉलेजात तो शिकला, त्यांच्याच शाळेत लागला. त्याची पदवी उकंडरावांच्या कपाटात होती. मंजुरीच्या फायलीला लावलीय, असं त्याला सांगितलं होतं. बाप मोहनसिंग पाव्हण्यांना सांगायचा, "पोरगा सर हाये." पाव्हणे विचारायचे, "पगार किती?" मग मोहनसिंग उठून बैलाला पाणी दाखवायला जायचा.

प्रेमदासची धाकटी बहीण निता. हिंगोलीला बी.ए. झाली. कॉलेजच्या टीममधून कबड्डी खेळली, पण खेळण्यापेक्षा खेळवण्यात तिचा जीव जास्त. धरणाच्या कॉलनीतलं पडीक मैदान साफ करून तिनं ओळीनं तीन वर्षं कबड्डीचे सामने भरवले. मागच्या वर्षी नरसीपासून पुसेगावपर्यंतच्या चौदा टीमा आल्या. कोणाची मॅच कोणाशी, कोण कुठं झोपणार, पंचांना जेवण कोण देणार, भोंगा कोणाचा, मंडप कोणाचा, सगळं या पोरीनं एका वहीत मांडलं होतं. तीन दिवस एक भांडण झालं नाही. बक्षिसाची ढाल द्यायला उकंडराव आले आणि पेपरात फोटो त्यांचा छापून आला. खाली लिहिलं होतं, 'आयोजक'.

त्या सामन्यांना नांदेडहून प्रियंका मॅडम पंच म्हणून आल्या होत्या. त्यांनी निताची वही चाळली आणि विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं?" कोणीच नव्हतं शिकवलं. मॅडम म्हणाल्या की पुण्यात याचं एका वर्षाचं शिक्षण मिळतं, क्रीडा व्यवस्थापन म्हणतात त्याला. स्पर्धा भरवायच्या, मैदानं चालवायची, जाहिरातवाले आणायचे, खेळाडूंचे करार करायचे. यावर माणसं पोट भरतात आणि पुढं आणखी भरतील. मॅडमनी पोस्टानं फॉर्म पाठवला. निता कोणाला न सांगता फॉर्म भरून मुलाखत देऊन आली. घरी सांगितलं की मैत्रिणीचं लग्न आहे.

दोन हजार पाचच्या जुलैत पुण्याचं पत्र आलं. नाव यादीत होतं. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मूळ कागद घेऊन हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला.

पावसानं तेव्हा अठरा दिवसांचा ताण दिला होता. सोयाबीन दुपारी माना टाकायचं. वेळेवर डवरं फिरलं असतं तर ओल थोडी टिकली असती, पण मोहनसिंगचे बैल डवऱ्याला नव्हतेच. उकंडरावांच्या बी.पी.एड. कॉलेजची तपासणी यायची होती आणि कॉलेजला मैदान नव्हतं. म्हणून मोहनसिंग आठ दिवस आपल्या गाडीनं तिथं मुरूम वाहून टाकत होता. उकंडरावांनी हुकूम केला नव्हता. ते फक्त म्हणाले होते, "प्रेमदासचंच कॉलेज हाये, आपलं समजून करा." आपलं समजून केलेल्या कामाची मजुरी मागता येत नाही, हे त्यांना बराबर माहीत होतं.

मुरमानं भरलेल्या अंगानं मोहनसिंग दुपारी जेवायला घरी आला तेव्हा निताने पत्र वाचून दाखवलं. भाकरी मोडता मोडता त्याचा हात थांबला.

"खेळाचा धंदा? म्हंजी मटका का?"

"मटका न्हाई, बा. सामने भरवायचे."

"ते तर तू फुकट करून राहिली."

"तेच तर. मागल्या साली मंडपवाल्यानं कमावलं, भोंगेवाल्यानं कमावलं, टीमांच्या बनियनी शिवणाऱ्या शिंप्यानं कमावलं. पोरं ढोपरं फोडून घरी गेली आन् मी झाडून काढलं मैदान. या कामाचं शिक्षण असतं. मला ते घ्यायचंय."

"पुण्यात?"

"पुण्यात."

मोहनसिंगने पाणी प्यायलं आणि "बघू" म्हणाला. त्या घरात 'बघू'चा अर्थ नाही असा होता. आई पारुबाई चुलीपाशी बसून एवढंच म्हणाली, "पोरीचं नाव यादीत आलं, त्याचं कोणी चांगलं म्हणणार का न्हाई?" प्रेमदास दारात सायकलची साखळी पुसत होता. त्याने मानही वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, निता आणि पारुबाई खुरपायला रानात गेल्या असताना उकंडराव तांड्यात आले. मोकळ्या हाताने आले नाहीत, गुळाची भेली घेऊन आले.

गूळ कशाला आणला ते समजायला हा माणूस समजला पाहिजे. तांड्यात सगाई ठरली की नायकासमोर गूळ फोडतात. तो गूळ चार माणसांच्या तोंडात गेला की शब्द पक्का. मग पोराला पाय नसला तरी आणि पोरगी रडून मेली तरी मागं फिरायचं नाही. फिरला त्याला नसाब, म्हणजे तांड्याची पंचायत, दंड लावते. उकंडरावांचं शेत तांड्याला लागून. लहानपणापासून त्यांनी हे पाहिलेलं. त्यांच्या कॉलेजात मुलींच्या जागा रिकाम्या होत्या आणि तपासणी डोक्यावर आली होती. ॲडमिशनच्या कागदावर बाप उद्या फिरेल, गुळावर फिरणार नाही, एवढा हिशेब त्यांनी केला. असा माणूस शाळा-कॉलेजं काढतो, हे आमच्या भागातल्या शिक्षणाचं नशीब.

नायक रामसिंगच्या ओट्यावर मोहनसिंगला बोलावून उकंडराव म्हणाले, "निताचं नाव आमच्याकडं लावू. एका सालात मास्तरीण होईल. आन् तिचं नाव लागलं की प्रेमदासची मंजुरीची फाईल मी स्वतः घेऊन जातो. लेकीचं भलं, लेकाचंबी भलं."

मोहनसिंग उठला. घरी आला, निताची पत्र्याची पेटी उघडली आणि तिची प्लॅस्टिकची फाईल काढली. दहावी, बारावी, बी.ए.ची गुणपत्रकं, टी.सी., जातीचा दाखला, सगळं मूळ, तिनं एकेका कागदाला वेगळं पाकीट करून ठेवलेलं. त्याने ती फाईल नायकासमोर उकंडरावांच्या हातात दिली. भेली फुटली आणि तांड्यानं गूळ खाल्ला.

दिवस कलताना निता रानातून आली. हाताला तणाच्या चिकाचे डाग, दुपारपासून पोटात काही नाही. विहिरीपाशी एका म्हातारीने तिच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला. निताने तो तोंडात टाकला आणि मग विचारलं, "कोणाची सगाई झाली, काकी?"

"सगाई कशाची? तुझंच तर हाये. उकंडरावाच्या कॉलेजात मास्तरीण होशील म्हंतेत. बापानं कागद देऊन दिले तुझे."

गूळ तेवढ्यात गिळून झाला होता. निता पाण्याची कळशी तिथंच टाकून घरी पळत आली. पेटीला कुलूप नव्हतंच कधी. तिने झाकण उघडलं, बंद केलं, परत उघडलं. मग ती दारात बसलेल्या बापासमोर जाऊन उभी राहिली.

"काहून दिले तुमी?"

"बाप हाये म्हणून दिले."

"मला इचारलं?"

"तुझं एक साल जाईल. त्याची जिंदगी बनंल," मोहनसिंगने प्रेमदासकडे हात केला. "पाच साल झाले तो वाट पाहून राहिला. तुला कळत न्हाई का?"

"माझं साल माझं हाये! ते दुसऱ्याच्या फाईलीला लावायला न्हाई." ती प्रेमदासकडे वळली. "भिया, तू बोल. बी.पी.एड. करून तू काय झालास?"

"सर झालो," प्रेमदास हळू आवाजात म्हणाला.

"बारा वाजेलोक."

हे बोलायला नको होतं. तिलाही ते कळलं, पण राग आलेल्या माणसाला तोंडातला शब्द परत घेता येत नाही. प्रेमदास उठला, सायकल घेतली आणि निघून गेला. मोहनसिंगने जोडा उचलला. पारुबाई मध्ये आली नसती तर त्याने मारलंच असतं.

"मार!" पारुबाई त्याच्यावर ओरडली. "पेटी उघडली, आता पोरीलाबी मार. म्हंजी काम पुरं होईल तुझं."

मोहनसिंगने जोडा टाकला. त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं बंद झालं.

रविवारी सकाळी निता एकटीच कॉलेजवर गेली. कॉलेज म्हणजे औंढ्याच्या रस्त्याला एक लांबट पत्र्याचं शेड. 'व्यायामशाळा' अशी पाटी असलेल्या खोलीत खताची पोती होती. 'ग्रंथालय' पाटीच्या खोलीला कुलूप होतं आणि कुलपाला गंज. ग्यानबा नावाचा माणूस तिथला क्लार्क, आणि उकंडरावांच्या शेतावरचा मुकादमही तोच. उकंडराव प्लॅस्टिकच्या खुर्चीवर सुपारी कातरत बसले होते. दुसरी खुर्ची होती, तिच्यावर त्यांनी पाय ठेवले होते.

"राम राम. माझे कागद पायजेत," निता उभ्यानेच म्हणाली.

"तुझे कसे? बापानं दिले, नायकासमोर दिले. गूळ खाल्ला तांड्यानं." उकंडराव हसले. "तूबी खाल्ला म्हणे."

ग्यानबाही हसला. निताचे कान तापले. आपण भुकेने खडा तोंडात टाकला ही गोष्टसुद्धा या माणसापर्यंत पोचली, याची तिला चीड आली.

"मला पुण्याला जायचंय. शुक्रवार आखरी तारीख हाये."

"पुण्यात काय ठेवलंय? खेळाचं शिक्षण इथंच हाये. सर्टिफिकीट तेच, नोकरी तीच."

"नोकरी भियाला लागली तशीच का?"

उकंडरावांची सुपारी कातरायची थांबली. पण माणूस हुशार. रागावला नाही. मैदानाकडे बघून म्हणाला, "बुधवारी तपासणी हाये. मैदान आखायला इथं एकाला येत न्हाई. तू आख. मुलींच्या दोन टीमा उभ्या कर, एक मॅच दाखव साहेबांना. मंग घेऊन जा कागद."

"बुधवारीच?"

"बुधवारी. मॅचच्या आधी."

"शबूद?"

"हो बाई, शबूद."

त्या शब्दाला गूळ नव्हता. तांड्याच्या शब्दाला गूळ लागतो, मालकाचा तसाच चालतो.

सोमवारी आणि मंगळवारी निता आणि प्रेमदास मैदान आखत होते. त्या दिवसाच्या बोलण्यानंतर प्रेमदास तिच्याशी धड बोलत नव्हता, पण दोरी धरायला दुसरं माणूस लागतंच. मोहनसिंग बैलांना जुंपून रूळ ओढत होता, दोघांकडे न पाहता. मुरमाचा फुपाटा उडत होता आणि ऊन असं की खुंटी हातात धरवत नव्हती.

कोपरा काटकोनात यायला एका बाजूला तीन हात, दुसऱ्या बाजूला चार हात मोजायचं. मधली दोरी बराबर पाच हात भरली की कोपरा सरळ. निता दोरी ताणत होती, पण कोपरा जुळत नव्हता. प्रेमदास थोडा वेळ बघत राहिला. मग पुढे आला, खुंटी उपटली आणि बोटभर आत ठोकली. दोरी बराबर बसली.

"तुला कोणी शिकवलं होतं हे?" त्याने विचारलं.

"तूच. मी सातवीत व्हते तव्हा."

प्रेमदास तिथंच उकिडवा बसला. मग झपाट्याने कामाला लागला. बायांचं मैदान लहान असतं, पुरुषांचं मोठं. त्याने दोन्हींची मापं तोंडपाठ सांगितली. फक्की टाकताना त्याचा हात एकदाही हलला नाही. मधली रेघ, बोनसची रेघ, बाजूच्या पट्ट्या, सगळं सुईदोऱ्यात ओवल्यासारखं सरळ. पाच वर्षांत निताने त्याला एवढा खूश पाहिला नव्हता.

"मला येतं हे, निता," तो घाम पुसत म्हणाला. "सगळं येतं. कोणी करूनच घेतलं न्हाई."

निताचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी अंगाचा नुसता भडका झाला. एवढं येणाऱ्या माणसाला यांनी हळदीला पाणी द्यायला ठेवलं होतं.

मंगळवारी संध्याकाळी तांड्यात निरोप आला. साहेब लोकांच्या स्वागताला तांड्यातल्या बायांनी फेटिया-कांचळी, म्हणजे घागरा-चोळी, घालून यावं आणि नाच दाखवावा. पारुबाईने पेटीतून आरशांचा फेटिया काढला. तिचं लग्न झालं तेव्हाचा तो. आता होळीशिवाय ती तो घालत नव्हती. "कोणाच्या लग्नाला चालली मी?" ती स्वतःशीच बोलली. निता म्हणाली, "याडी, नको जाऊ." पारुबाई म्हणाली, "तुझे कागद येईलोक कोणाचं मन मोडायचं न्हाई. नाचते."

बुधवारी अकराला जीप आली. तीन साहेब उतरले. पन्नाशीच्या बायांनी हातात हात घालून, भर उन्हात, गोल फिरत गाणं म्हटलं. एका साहेबाने फोटो काढला. पारुबाईच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरत होता आणि तिला तो पुसता येत नव्हता, कारण दोन्ही हात बांधलेले. आठ दिवस मुरूम वाहिलेल्या मोहनसिंगला उकंडराव म्हणाले, "मोहनसिंग, नारळ फोड साहेबांना." तो खाली बसून कोयत्याने शहाळी सोलू लागला. निताने हे सगळं पाहिलं आणि दात आवळले. एकच मॅच, मग कागद.

ती ग्यानबाकडे गेली. "कागद?"

"मालक म्हंतेत, पुढच्या हप्त्यात."

"मॅचच्या आधी म्हणले व्हते."

"मला काय इचारती? जा, शिट्टी वाजव. साहेब वाट पाहून राहिले."

मैदानावर दोन टीमा उभ्या होत्या. छातीवर कॉलेजचे नंबर लावलेल्या चौदा मुली, त्यातल्या नऊ जणी दहावीसुद्धा झालेल्या नव्हत्या. उकंडराव भोंग्यावर बोलत होते, "आणि या सामन्याच्या पंच आहेत आमच्याच महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी, कुमारी निता मोहनसिंग राठोड." टाळ्या पडल्या. चढाई करणारी मुलगी मधल्या रेघेवर पाय टेकून निताकडे बघत राहिली.

निताने शिट्टी तोंडात धरली, पण वाजवली नाही.

थोडा वेळ गेला. मुली वाकून उभ्या होत्या, त्यांच्या पाठी दुखायला लागल्या. बाजूला झेंडी घेऊन उभा असलेला प्रेमदास घाबरला. "निता, वाजव," तो दबक्या आवाजात म्हणाला. खुर्चीवरच्या साहेबांपैकी जाडसर साहेबाने विचारलं, "काय झालं?"

निताने शिट्टी खाली घेतली. आवाज मोठा निघाला.

"साहेब, मी या कॉलेजची न्हाई. माझे मूळ कागद यांच्या कपाटात ठेवलेत. मला शुक्रवारी पुण्यात पोचायचंय. कागद इथं टेबलावर आल्याबिगर शिट्टी वाजत न्हाई."

उकंडराव हसले, "पोरगी जरा तापट आहे, साहेब. खेळाडू शेवटी." मग तिच्याकडे बघून, हसू न मोडता, "निता, तमाशा करू नको. बापाकडं बघ."

तिने बापाकडे बघितलं. मोहनसिंग शहाळं आणि कोयता हातात धरून बसला होता. त्याची मान खाली होती.

"मी शिट्टी वाजवणार न्हाई," ती परत म्हणाली.

आता साहेब न्याय करतील असं कोणाला वाटलं असेल तर तो तांड्यातला भाबडेपणा. जाडसर साहेबाने रुमालाने मान पुसली आणि म्हणाला, "देऊन टाका हो. ऊन फार आहे."

ग्यानबा धावत गेला. घाईत त्याला निताची फाईल सापडेना, म्हणून त्याने कपाटातला गठ्ठाच उचलून आणला आणि टेबलावर टाकला. सुतळी सुटली. दहा-बारा तांड्यांतल्या पोरापोरींचे टी.सी., दाखले, गुणपत्रकं पसरली. निता आपली फाईल शोधत होती. तिच्या हाताखाली एक जाड कागद आला, कोपरा वाळवीने खाल्लेला. त्यावर नाव होतं, राठोड प्रेमदास मोहनसिंग. पाच वर्षांपूर्वीची पदवी. ती कुठल्या मंजुरीच्या फायलीला लागलेलीच नव्हती. ते कपाट सोडून ती कुठंही गेली नव्हती.

प्रेमदास झेंडी टाकून टेबलापाशी आला. त्याने तो कागद उचलला, वाळवीची माती फुंकली, पुढून पाहिला, मागून पाहिला.

"ठेव ते," उकंडराव हळूच म्हणाले. "न्हाई ठेवलं तर उद्यापासून शाळेत येऊ नको."

"मालक, पाच साल मी आलोच कुठं?" प्रेमदास कागद हातातून न सोडता म्हणाला. "हा कागद इथंच व्हता म्हंजी हजेरीतबी मी नसंल. मी नुसता तुमच्या हळदीतच व्हतो."

उकंडरावांनी साहेबांकडे बघून पुन्हा हसू आणलं. निताला आपली फाईल मिळाली. तिने तिथंच उभ्याने एकेक पाकीट उघडून पाहिलं. सगळे कागद होते. फाईल प्रेमदासच्या हातात देऊन ती मैदानात परतली आणि शिट्टी वाजवली. मॅच पुरती पंधरा-पंधरा मिनिटं खेळवली, एक गुण इकडचा तिकडे होऊ दिला नाही. मुली उन्हात उभ्या राहिल्या होत्या, त्यांचा काय गुन्हा? नंतर साहेबांनी श्रीखंड-पुरीचं जेवण केलं, मैदानाचं कौतुक केलं आणि कॉलेज पास झालं.

जीप गेली तसा उकंडरावांचा निरोप नायकाकडे गेला. तांड्यानं गूळ खाऊन शब्द मोडला, आता तांड्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवायचा? रामसिंग नायक म्हातारा, सरळ मनाचा, पण त्याच्या पाच एकरांची वाट उकंडरावांच्या बांधावरून होती. ऊन कलायच्या आत त्याने सेवालाल महाराजांच्या देवळासमोर नसाब बसवली. पुरुष पुढे, बाया मागे. निता बायांत पारुबाईजवळ बसली होती, फाईल पोटाशी धरून. पुण्याला जायचं तर सकाळची पहिली गाडी धरायला हवी होती. नसाबेनं कागद परत दे म्हटलं तर काय करायचं, हे तिने ठरवलं नव्हतं. पळून जायचं, एवढंच मनात येत होतं. आणि पळाली तर याडीला तांड्यात पाणी भरू देणार नाहीत, हेही येत होतं.

नायक म्हणाला, "मोहनसिंग, गूळ माझ्या ओट्यावर फुटला. शबूद तू दिला. पोरीनं भर सभेत मोडला. आता तू मालकाच्या दारी जा, पागोटं ठेव, माफी माग. कागद परत देऊन ये. मग दंड माफ."

दोघातिघांनी माना हलवल्या. प्रेमदास काही बोलायला उठला तर एक जण म्हणाला, "बस खाली. बाप हाये बोलायला."

मोहनसिंग उठला. गेले चार दिवस तो पोरीशी एक शब्द बोललेला नव्हता. निताने डोळे मिटून घेतले. बापाला नायकापुढे कधी तोंड वर करून बोलताना तिने पाहिलंच नव्हतं.

"नायक," मोहनसिंग म्हणाला, "शबूद मोडला तर माफी मागायची, हे बराबर हाये. पण माणूस शबूद देतो तो आपल्या चिजेचा. माझा बैल असता, मी देऊन दिला असता, तर शबूद राहिला असता. कागद माझे न्हवते."

"पोरगी तर तुझी हाये."

"पोरगी माझी हाये. कागद तिचे हायेत. पंधरा साल चिमणीखाली बसून तिनं कमावले. मला तर त्यावरचं नावबी वाचता येत न्हाई." त्याचा आवाज चढत चालला. "ती रानात माझ्याच सोयाबीनीत खुरपून राहिली व्हती आन् मी मागून तिची पेटी उघडली. काढले आन् दुसऱ्याला देऊन दिले. याला शबूद कोण म्हंतो? याला चोरी म्हंतेत."

"मोहनसिंग, तू रागात बोलून राहिलास."

"रागातच बोलून राहिलो! पाच साल लेक घातला, आठ दिवस बैल घातले, आज बायको नाचवली. राग आज आला, हीच चूक झाली माझी." त्याने डोक्यावरचं पागोटं काढलं आणि नायकाच्या पायाशी नाही, आपल्याच पायाशी जमिनीवर ठेवलं. "पोरगी सकाळच्या गाडीनं जाईल. कागद घेऊन जाईल. तिला कोणी आडवं यायचं न्हाई. तुमी मला शबूद मोडल्याचा दंड लावू नका. चोरीचा लावा."

नायकाने जमिनीवरच्या पागोट्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "चोरीचा दंड मोठा राहतो."

"मोठाच लावा," मोहनसिंग म्हणाला आणि खाली बसला.